तिसऱ्या मजल्यावरचं दार

१० नोव्हेंबर २०२२, गुरुवार

खरी आग असती तर मालूबाई आज वाचली नसती!

नवं हॉस्पिटल, पाच मजले, सोमवारी उद्घाटन. आज आगीची चाचणी. धूर दिसला की भोंगा वाजायला हवा, लिफ्ट खाली येऊन थांबायला हवी, एसी बंद – आणि कार्डाने उघडणारी दारं आपोआप सुटायला हवीत. यंत्रणा चार, कंपन्या चार. त्यांना एकमेकींचं ऐकायला लावायचं आणि ऐकतात की नाही ते तपासायचं, हे माझं काम. आई अजून विचारते, "म्हंजे तू करती काय नेमकं?"

तिसऱ्या मजल्यावर मशीनने धूर सोडला. मी खाली, स्क्रीनसमोर. चौदाही दारं हिरवी – 'उघडं, उघडं, उघडं'. खुणा करत गेले. बारा मिनिटं भोंगा चालू! भोंगा बंद केला तेव्हा वरून धडधड ऐकू आली.

काचेच्या दारामागे मालूबाई. जसोंडी गावची, फरशी पुसायला येते. मजला रिकामा केलाय असं मला सांगितलं होतं. खोकून खोकून डोळे लाल.

"मी कवाची ठोकून राहिली, ताई! कोनी आयकूनच नै राहिलं!"

दार बंद होतं; माझ्या कार्डाने उघडून तिला बाहेर काढलं. स्क्रीनवर तेच दार – उघडं.

११ नोव्हेंबर

पॅनेल खोललं. दारांकडे जाणारी तारच नाही! 'उघडं' हे कुणीतरी प्रोग्रॅममध्ये हाताने भरून ठेवलंय. तारीख ५ नोव्हेंबर. नाव – श्रीकांत सर.

श्रीकांत सर! ज्यांनी मला हे काम शिकवलं.

विचारलं. चहा पीतच म्हणाले, "तार आलीच नव्हती. सोमवारी फीत कापायचीय. तार बाद में डल जाएगी, सुलभा. तू सही कर."

"सर, मालूबाई आत होती."

"निकली ना बाहर?"



१२ नोव्हेंबर

सही केली नाही.

मालक डॉक्टरांच्या केबिनमध्ये बैठक. सर हसत म्हणाले, "नई है, घबरा गई." नवी? सहा वर्षं झाली मला! उठले आणि बाहेरून मालूबाईला बोलावून आणलं. म्हटलं, तुम्हीच सांगा.

तिने पदर सावरला. भिंतीकडे बघत म्हणाली, "साहेब, मी धडधाकट बाई, ठोकत तरी होती. सलाईन लावलेला पेशंट उठून दार ठोकीन का?"

डॉक्टरांनी निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा उचलून खाली ठेवला. "पुढे ढकला."

१४ नोव्हेंबर

सर इंदूरला परत गेले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१९ नोव्हेंबर, शनिवार

तार ओढून झाली. आज स्क्रीनसमोर बसलेच नाही. वायरमन गोटूभाऊ खाली, मी वर दारापाशी. भोंगा – आणि खट्! सुटलं! चौदाही दारं स्वतःच्या हाताने लोटून पाहिली. मालूबाई मागून मोजत होती, दोनदा चुकली. शेवटचं दार तिलाच लोटायला लावलं.

मग जिन्यात बसून रडले. का, कुणास ठाऊक.

२१ नोव्हेंबर

दुपारी सरांचा फोन. आवाज अगदी पडलेला.

"खंडव्याचं मुलींचं वसतिगृह. तुला तिथला तयार प्रोग्रॅम मीच दिला होता ना... एक बार देख ले."

फोन ठेवला त्यांनी.

२२ नोव्हेंबर, खंडवा

दोनशे मुली राहतात इथे. तीन वर्षांपूर्वी चाचणीच्या कागदावर सही केली, ती मीच – स्क्रीन हिरवी बघून.

सकाळी रेक्टरबाईंना शेजारी उभं केलं, भोंगा वाजवायला सांगितला आणि दार लोटलं.

दोन्ही हातांनी लोटलं.

उघडलं नाही.