निरोपाची भाषणं आणि माझा हर्निया

चि. छकुलीस,

मामाचे तोंडभरून आशीर्वाद. तिकडे परदेशातल्या थंडीत कान झाकतेस ना? हेडसिस्टर झालीस, आता हाताखालच्या सिस्टर ऐकतात ना? इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात मी सरकारी इस्पितळात हर्निया घेऊन पडलोय आणि डोक्याचा पार भुगा झालाय.

झालं असं, की मी भरती झालो आणि ऑपरेशन करणारे डॉक्टर परदेशी चालते झाले. (माझ्यामुळे नव्हे, व्हिसा आधीच आला होता.) इथे जाणाऱ्याला वॉर्डातच चहा देऊन निरोप देतात आणि पेशंटांतर्फे एकाने दोन शब्द बोलायचे असतात. बाकीचे कण्हत होते, म्हणून तो मान माझ्याकडे आला. मास्तरकीची सवय, पोटावर हात धरून असा काही बोललो की डॉक्टरांचे डोळे भरून आले. चूक तिथेच झाली. भूल देणारे डॉक्टर कोपऱ्यात बिस्किट खात ऐकत होते. जाणाऱ्याचं एवढं कौतुक आणि राहणाऱ्याला कुणी हिंग लावून विचारत नाही, हे त्यांच्या मनाने घेतलं. तेही गेले. (त्यांच्या निरोपाला मीच बोललो. जास्त रंगलं.)

मग नवे सर्जन आले, आपल्याहून गरीब देशातले. माणूस सज्जन, पण भूल द्यायला कोणी नाही, म्हणून रोज माझं पोट दाबतात, मान हलवतात आणि जातात. तुमच्या गावचे पेशंट आता कोण बघतं, असं मी विचारलं, तर मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाले, "तेच मी आईला फोनवर विचारतो." आता बघ, इथले डॉक्टर तुझ्याकडे, तुझ्याकडचे म्हणे आणखी पैसेवाल्या देशात, आणि यांच्या गावचे आमच्याकडे. ही रांग धरून मागे मागे गेलं की शेवटी एक माणूस उरतो, ज्याच्याकडे कुणीच येत नाही. त्याने काय करायचं, मला कळत नाही. दोष कुणाला द्यावा म्हटलं तर आधी तूच आठवतेस, म्हणून तोही विचार सोडला.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या शहरातून भूल देणाऱ्या बाई येणार आहेत. पण ऑपरेशन थिएटर सांभाळणारी सिस्टर एकच उरलीय. ती गेली की थिएटरला कुलूप आणि मी आहे तिथेच.

बाकी तब्येतीला जप. माझी तर आता माझ्या हातात नाही.

तुझा,
मामा

ता. क. खरं काम राहिलंच. त्याच सिस्टरने तुझ्या इस्पितळात अर्ज केलाय आणि मुलाखत तू घेणार असं कळलं. तिला नापास कर. काहीतरी अवघड विचार.

पुन्हा ता. क. पत्र टाकायला तिलाच दिलं होतं. पाकिटावर तुझं नाव वाचून तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "काका, माझ्यासाठी दोन शब्द लिहा ना." मी म्हटलं, लिहिलेत. तिने माझी उशी नीट केली आणि गेली. सलग दोन पाळ्या करते, पाय सुजलेत तिचे. मला इतकी लाज वाटली की पाकीट परत मागून घेतलं. तिला पास कर, फार हुशार आहे. मग तिची जागा इथे रिकामी होईल. तुला कामही येतं, भाषाही येते. हर्निया हे निमित्त गं, तुला बघून फार दिवस झाले. ये. (ऑपरेशन झालं, तरी ये.)