मोजणीचा दगड

रिहे, मंगळवार, दिवेलागण

सांगतेय मी, लिहितेय माझी नात अश्विनी. एक अक्षर गाळायचं न्हाई, असा दम दिलाय.

आज तिनं डॉक्टरकीच्या कॉलेजाचा अर्ज भरला. त्यात 'तुमच्यावर गुन्हा नोंद आहे का?' असं विचारलंय. मी म्हणलं, "न्हाई लिही. कोण येतंय रिह्यात बघाय?" तिनं 'हो' लिहिलं. आता ह्या 'हो'पायी प्रवेश हुकला तर?

गेल्या साली मोजणीवाल्यानं आमच्या शेतात हातभर आत दगड रोवला. मी तिला म्हणलं, "माझी कंबर धरलीय, तू उपट." तिनं उपटला. शेजारच्या शेतवाल्या चुलतदिरानं तक्रार केली. पौडला पोलिसांनी विचारलं, तर पोरीनं एकटीचंच नाव सांगितलं. आणि मी? तोंडाला पदर लावून गप. तो दगड अजून माझ्या लोणच्याच्या बरणीवर हाय.

उद्या दगड घेऊन पौडला जाते. खरं सांगते, अंगठा देते.

"आजी, दगड जड आहे गं. तुझी कंबर?"

कंबर तवाबी धडधाकट होती. तुझा हात का थांबला? लिही.