टाकीतलं पाणी

१८ ऑगस्ट
आलो एकदाचे अकोल्यात! अमरावतीहून माझी शाळेची बदली, नवरा कुलदीप घरूनच काम करतो. जठारपेठेतलं घर ऐसपैस आहे. मागल्या आठवड्यात पुराचं पाणी शिरलं होतं, त्यामुळे भिंती कमरेपर्यंत ओल्या. घरमालकीण माणिकबाईंनी आतल्या खोलीत ओल शोषणारी मशीन लावून दिली आणि दोनदा बजावलं, खोली बंद ठेवजा, आत कोनी झोपू नका. पण पलंग मावतो तो त्याच खोलीत. कुलदीप म्हणे, मशीनले काय भ्यायचं? मला घरघर सहन होत नाही, मी स्वयंपाकघरात चटईवर.

२० ऑगस्ट
मशीनची टाकी दिवसातून दोनदा भरते. इथं नळ येतो पाचव्या दिवशी, अन् एवढं नितळ पाणी मोरीत ओतायचं? जिवावर आलं. उकळून कणीक भिजवली, वरण शिजवलं. कुलदीप म्हणे, मीठ जास्त झालं. पोळीत मी मीठ घातलंच नव्हतं.

२३ ऑगस्ट
शी. टाकीतलं पाणी कोमट, वर तेलकट साय. बोट घातलं तर तार निघाली. आजारी माणसाच्या अंथरुणाचा वास. भिंत मात्र अजून तशीच लिबलिबीत. मग हे पाणी येतं कुठून?
कुलदीपची चादर झटकली, कातडीचे पापुद्रे उडाले. दोन दिवसांपासून लघवी नाही. म्हणतो, मले काई नाई झालं, तू उगाच भेऊन राहिली.

२४ ऑगस्ट
त्याचे ओठ फाटलेत, रक्त येत नाही. स्वयंपाकघरात आणून झोपवलं. डॉक्टरांनी घरी येऊन सलाईन लावलं. इकडे बाटली संपली, तिकडे टाकी भरली.
म्हणजे चार दिवस मी त्याच्याच पाण्याच्या पोळ्या — भडभडून ओकले. त्याच्याकडे बघवत नाही. माझ्याच नवऱ्याची किळस, लिहायला लाज वाटते.
मशीनची पिन काढली. चालूच आहे.

२५ ऑगस्ट
साधं पाणी त्याच्या पोटात ठरत नाही. शेवटी टाकीतलंच पाजलं, नाक दाबून. घटाघटा प्यायला. डोळे उघडले. जगेल — त्याचं त्याला परत दिलं की जगेल.

सायंकाळ
टाकी रिकामी. तो अजून तहानलेला. हात धरलाय माझा — चाटून राहिला — डाव्या हाताने लिहिते. म्हणतो, साधना, माह्यं बाकीचं पानी तुह्या पोटात हाये, ते दे ना मले — नखं रुत—