पाठमोरा माणूस

१० नोव्हें., सोम.
दिवाळीनंतरचा पहिला तास. कम्युनिटी कॉलेजच्या लेखनवर्गात नावं तेवीस, हजर अकरा. बाकीचे अजून फराळ संपवतायत. गृहपाठ दिला : जिथं कधीच गेला नाहीत अशा एका खोलीचं वर्णन. चेहरे असे केले, जणू किडनी मागितली.

१३ नोव्हें., गुरु.
वह्या तपासल्या. सात जणांनी पंचतारांकित हॉटेल लिहिलंय, सातही ठिकाणी झुंबर. देवा!
सुमनताईंची वही मात्र दोनदा वाचली. गंगापूरहून एसटीनं येतात, वय पन्नाशीचं, शाळा नववीत सुटलेली. त्यांची खोली : अर्ध्या भिंतीपर्यंत हिरवा रंग, पत्र्याची पेटी, खाटेवर एक माणूस पाठमोरा. एसटीचं तिकीट बारीक घडी करून घड्याळाच्या पट्ट्याखाली खोचलेलं.
बाळू असंच करायचा. माझा धाकटा भाऊ. घर सोडून नऊ वर्षं झाली. पण हे तर अर्धा मराठवाडा करतो. उगाच आपलं काहीतरी.
मी गुण देत नाही, समासात लाल शाईनं प्रश्न विचारते. उत्तर पुढच्या तासाला लिहून आणायचं. विचारलं : आणखी काय दिसतं?

१७ नोव्हें., सोम.
सुमनताईंचं उत्तर : "उजव्या कानामागं टाक्यांची खूण हाय. दौलताबादच्या पायऱ्यांवर बहिणीनं ढकललं व्हतं."
शाळेच्या सहलीत मीच ढकललं होतं त्याला, चिडून. घरी दोघांनी मिळून सांगितलं, पाय घसरला. आईलाही आजतागायत तेवढंच माहीत.
तास संपल्यावर त्यांना व्हरांड्यात गाठलं. कोण हा माणूस?
"काय की मॅडम. लिहाया बसलं की दिसतंय."
बाळू नावाचं कुणी ओळखीचं?
"नाय ओ. म्या कशाला खोटं बोलू?"
खरंच खोटं बोलत नव्हत्या. त्याचीच भीती वाटली.
समासात लिहिलं : तो बरा आहे का? लेखन शिकवणाऱ्या बाईचा हा प्रश्न नव्हे, कळतं मला.

२० नोव्हें., गुरु.
"बरा हाय. जेवतो. बोलत नाय."
एवढंच. स्टाफरूममध्ये रडले. इंग्रजीच्या बाईंना सर्दी सांगितली.
घरी आल्यावर आईनं रोजचं विचारलं, "बाळूचं काही कळलं का गं?" मी रोजचं सांगितलं, नाही.
तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला होता मला. घरी येऊ का, म्हणत होता. बाबांच्या दहाव्याला पिऊन तमाशा केला होता त्यानं, माझं डोकं फिरलेलं. मी म्हणाले, या घरात पाय ठेवू नकोस. आईपासून हे नऊ वर्षं लपवलंय. इथंही आज पहिल्यांदाच लिहितेय.
समासात : ही खोली कुठल्या गावात आहे?

२४ नोव्हें., सोम.
सुमनताई गैरहजर. मी तासात काय शिकवलं, आठवत नाही.

२७ नोव्हें., गुरु.
आल्या. वही छातीशी धरलेली, देईनात. डोळे खोल गेलेत.
"मॅडम, आधी पाठ करून बसायचा. तुमचा लाल शाईचा प्रश्न आला की जरा जरा वळतो. परवा पार वळला. माझ्याकडं बघाया लागलाय."
काही म्हणतो?
"इचारतो, हे कोण लिहितंय?"
तिथंच थांबवायला हवं होतं. बाई घाबरलीय, घरी जा म्हणायला हवं होतं. मी वर्गाच्या दारात हात जोडले त्यांच्यापुढं. एकदाच, फक्त गाव. त्या मान खाली घालून "बरं" म्हणाल्या.
स्वतःची लाज वाटतेय. तरी गाव हवंच.

१ डिसें., सोम.
सुमनताई आल्या नाहीत. वर्गातल्या गंगापूरच्याच एका मुलीच्या हाती वही पाठवली. "काकू म्हणल्या, आता लिहिणार नाय म्हणून सांग."
शेवटच्या पानावर अक्षर वेडंवाकडं : "तो म्हणतो, ताईला म्हणावं फोनाचं आईला सांग. मग गाव सांगतो."
माझ्या त्या फोनाबद्दल मी कुणाला, म्हणजे कुणालाच…
सुमनताईंचा मोबाईल बंद.

२ डिसें., मंगळ.
कॉलेजला दांडी. दुपारी आई ओट्यावर ऊन खात मटार सोलत होती. शेजारी बसले आणि सांगून टाकलं. त्याचा फोन, मी काय बोलले, सगळं. वहीचं नाही सांगितलं. ऐंशीच्या घरातली बाई, भलती आशा कशाला लावायची.
आई सोलत राहिली. मला वाटलं, चिडेल. निदान रडेल. ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा सांगायला लागले, तर हातानंच थांबवलं. पदराला हात पुसले.
म्हणाली, "त्या बाईला वही परत धाड. म्हणावं, पुढं लिही. तो थांबलाय."