चोरचोळीची बातमी

।। श्री बसवेश्वर प्रसन्न ।।

कुरुंदवाड,
ता. ४ ऑगस्ट २००७

चि. शिवांजलीस,
वहिनीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हॉस्टेलची आमटी मानवली का, की अजून नाक मुरडतेस? फोन दुकानात, मामंजींच्या कानाशी, म्हणून हे पत्र. काल सासूबाईंनी देवघराचं दार लोटून घेतलं आणि मला चोरचोळी दिली. तिसरा महिना लागलाय. आम्हा दोघींखेरीज फक्त तुझ्या दादांना कळवलंय, आणि आता तुला. मागच्या खेपेला हौसेनं गावभर सांगितलं, आणि मग भेटेल त्या बाईला, राहिलं नाही हो, म्हणून सांगत बसले. ते पुन्हा नाही जमायचं गं. पाचवा लागेपर्यंत तोंडाला कुलूप.

तुझ्या दादांचं मात्र कौतुक वाटतं. पुण्यात खोलीवर एकटे, पण ऑर्कुटवर हजार मित्रांची यादी भरली. नवा घ्यायचा तर जुना काढावा लागतो म्हणे! तरी सगळ्यांचे वाढदिवस पाठ. माणसं जोडावीत तर त्यांनीच.

लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढव.
तुझी,
निर्मलावहिनी

राजारामपुरी, कोल्हापूर,
ता. ९ ऑगस्ट २००७

ती. सौ. वहिनीस,
शिवांजलीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून खोलीत एकटीच नाचले. मग नेट कॅफेत गेले आणि बघते तर काय! दादानं ऑर्कुटवर लिहून ठेवलेलं, मी बाप होणार! खाली अभिनंदनांची रीघ. तुम्हाला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगते. रागावू नका असं म्हणत नाही, चांगलं रागवा.

तिथूनच फोन लावून त्याला धुतला. चोरचोळी म्हंत्यात तिला, दवंडी न्हवं, असं सुनावलं. तो म्हणाला की सगळी माझी मित्रच हायत की. मी विचारलं, मग मागच्या खेपेला जे झालं ते यातल्या किती जणांना सांगितलंस? मग हळूच म्हणाला की त्यांस्नी तसलं कसं सांगायचं गं. संध्याकाळपर्यंत मजकूर काढलेला होता. उद्या रजा टाकून घरी येतोय. वेंधळा आहे, पण मनात ठेवता येत नाही एवढा आनंद झाला होता हो त्याला.

मायेत अंतर पडू देऊ नका.
आपली,
शिवांजली

कुरुंदवाड,
ता. २० ऑगस्ट २००७

चि. शिवांजलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे आले. दोन दिवस मी शब्द बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझी लुगडी उलटी वाळत घालताना दिसले आणि हसू फुटलं. काल जयसिंगपूरला डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकवले. बाळ छान आहे गं! मी तिथंच रडले.

आता ह्यांच्या पोटात काही राहीना. मी म्हटलं, सांगा, पण एकालाच. त्यांना वाटलं, सोपं आहे. संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून नावं आठवत होते. मला वाटलं, त्या यादीतल्या सिंगापूरच्या कुणाला फोन जाणार. तर चपला घालून गेले आपल्या गुंडू टेलरकडे, शाळासोबत्याकडे. मागच्या खेपेला दवाखान्याबाहेर रात्रभर ह्यांच्याजवळ तोच बसला होता, हे मला काल कळलं. असा मित्र जोडलाय ह्यांनी, आणि मी आपली यादीचं कौतुक करत होते.

परत आले तेव्हा डोळे ओले. सांगत होते की गुंडूनं अभिनंदन केलंच न्हाय. निर्मला बरी हाय न्हवं, एवढंच दोनदा इचारलं.

जप, आणि जीव लावत राहा.
तुझी,
निर्मलावहिनी