मुकी घंटा

आबा, तुमची घोडी आता कुणालाच पाठीवर घेणार नाही. पुढच्या डाव्या पायाची नस फाटली आहे. औंढ्याचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, ओझं नको, बसणं नको, आणि पळाली तर हाडही जाईल. मी मान हलवली, पण मनात एकच होतं. दिवाळीनंतर मेंढरं चरायला हट्ट्याकडं निघतील, आणि घंटा ऐकू आली की ही मागं पळू बघेल.

तुम्ही मला तिच्यावर पहिल्यांदा बसवलंत तो दिवस आठवतो. मी घाबरून लगाम खेचते आणि तुम्ही खालून ओरडता, "ओढू नको! वाट तिला ठाऊक हाय, तुला न्हाई." तिच्या गळ्यातली घंटा वाजते, त्या आवाजामागं सगळी मेंढरं येतात. पुढं कॉलेजात काही सुचेनासं झालं की तुमचं ते बोलणं मला पुरायचं. आता तिची वाट मीच खुंटीला बांधून ठेवली आहे.

काकांनी घंटा काढून नव्या घोडीला बांधली. ती नुसती वाजली, तर आपल्या घोडीनं तीन पायांवर उभं राहून खुंटी हलवली. तेव्हा मी काकांना म्हणाले, उद्या घंटेत लोकर भरून निघा. त्यांचा हात थांबला. आपल्यात घंटेत लोकर भरतात ती घरातला माणूस गेल्यावर. तुम्ही गेलात तेव्हा काकांनीच भरली होती.

"येडी झाली का पोरगी? मुकी घंटा मढ्यापुढं असते. आमी जित्या मेंढरांसंगं चाललो."

"अन् तिचा पाय मोडला मंग?"

"तू शिकलेली. तूच हाड बसव."

आई चुलीपुढून उठली. "तुमच्या भावाला तिनं जन्मभर वाहिलं. तुमच्यानं फाट्यापर्यंत गप चालवत न्हाई व्हय, भावजी?" लोकर तिनंच भरली.

सकाळी आवाज नाही म्हणून मेंढरं हलेनात. एकेक करून आपल्या घोडीभोवती जमली. काकांनी काठीनं हाकलली. घोडीनं दोरी ओढली नाही. कान टवकारून वाटेकडं बघत राहिली, धूळ खाली बसली तरी. काका माझ्याकडं न बघता म्हणाले, "वाटेत काही झालं तर ध्यानात ठेव, बाई."

फाट्यावर त्यांनी लोकर काढली. घोडी चारा खाते, पाय तसाच आहे. मी अपशकुन मानत नाही, गावातल्या पोरींनाही तेच सांगते. हा कागद तुमच्या खोगिरात खोचून ठेवते. ते आता कुणी उचलत नाही.

एवढंच सांगायचं राहिलं. रोज दिवेलागणीला मी काकांना फोन लावते, पाण्याचं, चाऱ्याचं विचारते. ते वैतागतात, "काहून गं रोज?" मी सांगत नाही. मागून घंटा ऐकू आल्याशिवाय मला फोन ठेवता येत नाही.

काल ऐकू आली नाही. नवी घोडी लांब चरत असेल, असं मी आपल्या घोडीला सांगितलं.