मला भिंतीवर बसवल्याची हकीकत

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात, कंबर सध्या परवानगी देत नाही.) इकडे सगळं ठीक. तुझा गुडघा काय म्हणतो ते कळव. भाची सांगत होती, तू दिवसभर खिडकीपाशी बसून बंद घड्याळं उघडतोस आणि दुरुस्त न करता तशीच मिटतोस. घड्याळजीनं असं करू नये. वहिनी गेली आणि तू व्हॉलीबॉलची जाळी नि चेंडूंची पिशवी माझ्या दारात ठेवून, आता तूच बघ, म्हणून निघून गेलास, त्याला वर्ष होत आलं. बघतेय मी. कसं बघतेय ते सांगते, पण हसायचं नाही. हसलासच, तर भाचीला तसं कळवायला सांग, तेवढंच आम्हाला बरं वाटेल.

बर्फाच्या कारखान्यामागचं मैदान अजून तसंच आहे, एका अंगाला कललेलं, आणि चेंडू अजूनही गटाराकडेच धाव घेतो. पोरं मात्र बदलली. आपल्या अंगात खोड्या होत्या, ह्यांच्या अंगात मतं आहेत. मी पहिल्याच दिवशी तुझा नियम सांगितला: दर रविवारी कप्तान नवा, मग त्याला खेळ येवो न येवो, जाळी त्यानं बांधायची, पाणी त्यानं सगळ्यांच्या शेवटी प्यायचं, आणि मैदानावर शब्द त्याचाच चालणार, समोर शिकवणारा का असेना. हे शेवटचं सांगताना जीभ जरा अडखळली होती. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पहिली कप्तान बेकरीवाल्याची थोरली. तिचं घर उजाडायच्या आधी उठणारं, म्हणून तिनं सगळ्यांना अंधारात बोलावलं. चेंडू कोणाला दिसेना, जांभया तेवढ्या ऐकू येत होत्या. पुढच्या रविवारी न्हाव्याचा उंच्या. (नाव उंच्या, उंची बेताची.) त्याला भांडणं नकोत, म्हणून चेंडू आला की आधी शेजाऱ्याला विचारायचं असा त्याचा कायदा. पोरं इतकी सभ्य झाली की चेंडू मधोमध पडायचा आणि सहाही जण एकमेकांना आग्रह करत उभे. मी कडेनं ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. माझा जन्म गेला टेलिफोनच्या खोलीत, परगावचे फोन जोडून देण्यात. हळू बोलायची सवय लागणार कुठून?

अशा पाळ्या फिरत फिरत गेल्या रविवारी आली शिंप्याची मधली. ही इतकी कमी बोलते की पोरं तिला मुकी म्हणतात. नेमका तिच्याच रविवारी गिरणीमागच्या पोरांशी सामना. आपण मागे पडत चाललो, तशी मी एकाला पुढे हो, दुसरीला मागे हो, उंच्याला तर दोन्ही एकदमच सांगत सुटले. मुकीनं खेळ थांबवला, माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "आत्या, तुम्ही जरा त्या कडेच्या भिंतीवर जाऊन बसा. सगळे तुमच्याकडे बघतात, चेंडूकडे कोणी बघतच नाही."

दादा, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जाता जाता एकदम आठवलं. मी फ्रॉकात होते, कप्तान होते, आणि तू पंचाशी हुज्जत घालत होतास म्हणून मी तुला बाहेर काढलं होतं. एवढा मिशीवाला तू, हुज्जत अर्धी सोडून ह्याच भिंतीवर येऊन बसलास. तिथंच वहिनी, नवी नवरी, लाल लोकरीनं आपली जास्तीची जाळी सांधत बसली होती. तोंडावर हात धरून हसत होती. त्या दिवसानंतर मी कोणाला घाबरले नाही, टेलिफोनच्या मोठ्या साहेबांनासुद्धा नाही. हे तुला कधी सांगायचं राहूनच गेलं.

तर मी वहिनीच्या जागी बसले. तिथून सगळं मैदान दिसतं रे. लाल लोकरही दिसते, जराशी विटलेली. फार आठवण आली तिची. खाली पोरं आपापसात बोलून खेळायला लागली. हरलो आपण, पण थोडक्यात हरलो. शेवटी पाणी प्यायची वेळ आली तेव्हा मुकीच्या वाट्याला बाटलीत थेंब नव्हता. तिनं रिकामी बाटली तोंडाला लावली, तोंड पुसलं आणि जाळी सोडायला गेली. उंच्यानं ते पाहिलं आणि न सांगता नळावर पळाला.

बाकी सर्व क्षेम. मला तुझ्याकडून काही म्हणजे काही नको. गुडघ्याला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. जाळी फाटलीय, नेमकी लाल लोकरीच्या शेजारी. मुकी शिवायला तयार आहे, पण म्हणते, त्या टाक्यांना हात लावायचा तर ते ज्यांनी घातले त्यांच्या माणसाला समोर बसवून.

आणखी एक ता. क. वर काही नको लिहिलं, ते खोटं. रविवारी तू मैदानावर यावंस असा मुकीचा हुकूम आहे. दादा येणार नाही, असं मी सांगून पाहिलं. त्यावर ती एवढंच म्हणाली, नियम त्यांचाच ना? हुकूम तिनं कप्तान असताना, मैदानावर उभं राहून दिलाय. मला बसावं लागलं, तुला उठावं लागेल.

शेवटचं. वहिनीच्या जागी मी बसलेली बघवणार नाही म्हणून येत नसशील, तर मी पलीकडे सरकते. मधली जागा रिकामी ठेवू.